दिव्यांचा तक्ता कसा भरावा: इमारतीच्या ऊर्जा-अनुपालनाच्या हिशोबातील प्रकाशयोजना

इमारतीच्या ऊर्जा-अनुपालनाच्या, म्हणजे इमारत ऊर्जा-संहितेचे नियम पाळते हे दाखवणाऱ्या कागदपत्रांत दिव्यांचा तक्ता सर्वांत सोपा समजला जातो आणि त्यामुळेच तो सर्वांत शेवटी, मागच्या कामाच्या फायलीतून उचलून भरला जातो. भिंतीची उष्णतावहनक्षमता काढताना दोनदा तपासून पाहणारा अभियंता दिव्यांच्या रकान्यात नुसते 'एलईडी' लिहून पुढे सरकतो. विदर्भातील तालुक्याच्या गावी काम करणारे वास्तुविशारद, विद्युत पर्यवेक्षक आणि लहान सल्लागार यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. या कामात मी एकच कसोटी लावतो: तक्त्यातील प्रत्येक आकडा असा हवा की इमारत उभी राहिल्यावर त्या खोलीत जाऊन, मान वर करून, तो दिवा बोटाने दाखवता आला पाहिजे. ज्या आकड्याचा दिवा दाखवता येत नाही, तो आकडा कितीही सोयीचा असला तरी तक्त्यात ठेवू नये.

आधी संहिता आणि पद्धत ठरवावी

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ च्या आधारे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर २०२४ मध्ये ऊर्जा संवर्धन व शाश्वत इमारत संहिता आली. आपल्या प्रकल्पाची तपासणी यांपैकी कोणत्या आवृत्तीनुसार होणार, हे परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडून कामाच्या आरंभीच लेखी घ्यावे. महाराष्ट्रात या विषयाची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे. या लेखातील आकडे २०१७ च्या आवृत्तीतील आहेत. आवृत्ती बदलली की मर्यादेचे आकडे बदलतात, तक्ता भरण्याची रीत मात्र फारशी बदलत नाही.

२०१७ ची संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची एकूण क्षमता), अथवा १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी) असलेल्या व्यावसायिक वापराच्या इमारतींना लागू होते. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय या उंबरठ्याच्या अलीकडे राहू शकते. उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालयाची मोठी इमारत किंवा वातानुकूलित सभागृह असलेले कार्यालय तो सहज ओलांडते. जोडभार मोजताना फक्त आजचे दिवे-पंखे धरून चालत नाही. मंजूर नकाशात दाखवलेली लिफ्ट, शस्त्रक्रियागृहाचे वातानुकूलन आणि पाण्याचे पंप हेही त्यात येतात.

अनुपालन दाखवण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. विहित पद्धतीत दिव्यांचा भार तक्त्यातील मर्यादेच्या आत आहे एवढे दाखवावे लागते. संपूर्ण इमारतीच्या कामगिरीच्या पद्धतीत संगणकावर दोन इमारती उभ्या कराव्या लागतात, एक आपली प्रस्तावित आणि दुसरी संहितेच्या किमान निकषांची. दोन्हींच्या वार्षिक वीजवापराच्या निर्देशांकांचे गुणोत्तर १ किंवा त्याहून कमी यावे लागते. दिवे आपोआप बंद होण्यासारख्या अनिवार्य तरतुदी दोन्ही वाटांवर सारख्याच लागू राहतात. 'सिम्युलेशन केले आहे, मग सेन्सर कशाला' असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. सिम्युलेशनमुळे अनिवार्य तरतुदींतून सुटका होत नाही.

क्षेत्रफळ: बहुतेक चुका इथेच होतात

दिव्यांच्या भाराची मर्यादा प्रति चौरस मीटर वॅटमध्ये दिलेली असते. प्रति चौरस मीटर वॅटच्या या मापाला सर्वजण एलपीडी (लाइटिंग पॉवर डेन्सिटी) म्हणतात. इमारत-क्षेत्र पद्धतीत संपूर्ण इमारतीला एकच आकडा लागतो. २०१७ च्या संहितेच्या मूळ, म्हणजे किमान स्तरासाठी तो कार्यालयाला ९.५, रुग्णालयाला ९.७ आणि शाळा-विद्यापीठांना ११.२ वॅट प्रति चौरस मीटर आहे. जागेच्या वापरानुसार मोजण्याच्या पद्धतीत प्रत्येक खोलीला तिच्या कामाप्रमाणे वेगळा आकडा मिळतो आणि सर्व खोल्यांची बेरीज करून एकूण परवानगी काढली जाते. साध्या, एकाच वापराच्या इमारतीला पहिली पद्धत पुरते. जिथे एका छताखाली प्रयोगशाळा, भांडार, वाचनालय आणि कार्यालय असा संसार आहे, तिथे दुसरीचे कष्ट घ्यावेत. एकाच इमारतीच्या काही भागाला एक आणि उरलेल्या भागाला दुसरी पद्धत लावून एका बाजूची शिल्लक दुसरीकडे वळवता येत नाही.

आपल्याकडे वास्तुविशारदाचा नकाशा मीटरमध्ये असतो, ठेकेदार चौरस फुटांत बोलतो आणि अंदाजपत्रकात कधी एक तर कधी दुसरे येते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट हे सर्वांना पाठ असते, तरीही घोळ होतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी चौरस फुटांतले क्षेत्रफळ चौरस मीटरच्या रकान्यात भरले होते. एलपीडी ०.५९ आली आणि ती पाहून मी दिवसभर आनंदात होतो. संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने 'या दवाखान्यात कंदील लावणार आहात का?' असे विचारल्यावर चूक लक्षात आली. तेव्हापासून अंतिम एलपीडी ३ च्या खाली आली की मी आधी एकक तपासतो आणि नंतर बाकीचे.

दुसरा प्रश्न कोणते क्षेत्रफळ धरायचे हा आहे. इमारत-क्षेत्र पद्धतीत एकूण प्रकाशित क्षेत्र धरतात. जागेच्या वापराच्या पद्धतीत छताच्या उंचीच्या ८० टक्के किंवा त्याहून उंच भिंतींनी वेढलेली प्रत्येक जागा वेगळी मोजतात आणि माप भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत घेतात. गाळ्याच्या विक्रीसाठी काढलेला कार्पेट एरिया किंवा सुपर बिल्टअप येथे कामाचा नाही. जिथे दिवाच नाही असे जिन्याखालचे कोपरे, पाण्याच्या टाकीची खोली किंवा न वापरलेला पोटमाळा एकूण क्षेत्रात घालून भाजकाचा आकडा फुगवू नये. तपासनीस नकाशा पुढे घेऊन बसला तर ही चलाखी पाच मिनिटांत उघडी पडते.

विदर्भातील इमारतींत व्हरांडा ही वेगळी डोकेदुखी असते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हापासून खोल्या वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंना रुंद व्हरांडे ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण उघडा व्हरांडा आतल्या प्रकाशात धरायचा की बाहेरच्या, हे एकदा ठरवून नोंदवावे लागते. मी एकच नियम पाळतो: क्षेत्र ज्या खात्यात, त्याचे दिवेही त्याच खात्यात. व्हरांड्याचे क्षेत्र आत धरून त्याचे दिवे बाहेरच्या यादीत टाकणे ही लबाडी आहे, आणि पुष्कळदा ती नकळत होते, कारण क्षेत्रफळ वास्तुविशारद काढतो आणि दिव्यांची यादी विद्युत पर्यवेक्षक.

फिटिंगचा वॅट: डब्यावरचा नव्हे, तारेतून जाणारा

तक्त्यात भरायचा आकडा म्हणजे फिटिंग विजेच्या तारेतून प्रत्यक्ष किती वॅट घेते तो. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूबलाइटला लोखंडी चोक असेल तर फिटिंग साधारण ४६ ते ४८ वॅट खाते, हे आपण सर्व जाणतो. एलईडी आल्यावर मात्र हे भान सुटले. एलईडीलाही ड्रायव्हर, म्हणजे तिला हवा तसा वीजप्रवाह पुरवणारा भाग असतो आणि तोही थोडी वीज खातो. बाजारात 'छत्तीस वॅटचे पॅनेल' म्हणून मिळणाऱ्या फिटिंगच्या कॅटलॉगमध्ये दोन आकडे असू शकतात, एक एलईडीचा आणि एक संपूर्ण फिटिंगचा. आपल्याला दुसरा हवा आहे. कॅटलॉगच्या त्या पानाची प्रत आणि प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मिळत असल्यास तो, दोन्ही तक्त्याला जोडावेत.

साध्या होल्डरच्या फिटिंगबाबत संहितेचा नियम अनेकांना ठाऊक नसतो. ज्या फिटिंगमध्ये कायमचा चोक किंवा ड्रायव्हर नाही आणि ज्यात कोणताही बल्ब बसवता येतो, तिचा वॅट म्हणून त्या फिटिंगवर छापलेला कमाल वॅट धरावा लागतो. होल्डरवर ६० वॅट छापले असेल, तर आज तुम्ही त्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला तरी हिशोबात ६० येतात. यात अन्याय वाटण्याचे कारण नाही. बल्ब गेल्यावर वॉर्डबॉय गावातल्या दुकानातून जो मिळेल तो आणून लावणार आहे, आणि संहिता त्या दिवसाचा विचार करते. म्हणून शौचालये, जिने आणि भांडारांत उघड्या होल्डरऐवजी ड्रायव्हरसह बंदिस्त फिटिंग घ्यावी, असा माझा सल्ला आहे.

एका कल्पित उदाहरणावरून हिशोब पाहू. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी तीन मजली उपजिल्हा रुग्णालय बांधायचे आहे आणि त्याचे एकूण प्रकाशित क्षेत्र ४,२०० चौरस मीटर आहे. रुग्णालयाच्या ९.७ या मर्यादेने परवानगी होते ४०,७४० वॅट. आता यादी. पीओपीत बसणारी ३१० पॅनेल, प्रत्येकी तारेतून ४० वॅट, म्हणजे १२,४००. वॉर्ड आणि कार्यालयांत एलईडी बॅटन (ट्यूबसारखी लांब फिटिंग) ४२०, प्रत्येकी २२ वॅट, म्हणजे ९,२४०. मार्गिकांत लहान गोल डाउनलाइट १८०, प्रत्येकी १४ वॅट, म्हणजे २,५२०. शौचालये आणि जिन्यांत ६० वॅट छापलेले होल्डर ४०, म्हणजे २,४००. बेरीज २६,५६० वॅट आणि एलपीडी ६.३२. मूळ स्तर सहज पार पडला. पण होल्डरच्या ओळीकडे पाहा: सर्व होल्डरांत ९ वॅटचे बल्ब गृहीत धरले असते तर ती ओळ ३६० वर आली असती, म्हणजे केवळ चाळीस होल्डरांमुळे २,०४० वॅटचा फरक पडतो. त्यांच्या जागी १० वॅटच्या बंदिस्त फिटिंग घेतल्या, तर ओळ ४०० वर येते आणि एलपीडी ५.८५ होते. यासाठी फार खर्च येत नाही.

काही दिवे या बेरजेबाहेर राहतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा आणि दंतचिकित्सेच्या खुर्चीला जोडलेला दिवा हे वैद्यकीय कामाचे असल्याने त्यांची वेगळी यादी करावी. नेहमीच्या वेळी आपोआप बंद राहणारे आणि वीज गेल्यावरच लागणारे आपत्कालीन दिवेही बाहेर राहतात. इथे एक सापळा आहे. आपल्या भागात भारनियमनाच्या आणि वादळी पावसातील खंडित पुरवठ्याच्या सवयीने निम्मे दिवे इन्व्हर्टरवर घेतलेले असतात आणि त्यांना 'इमर्जन्सी' म्हणण्याची रूढी आहे. पण ते दिवे वीज असतानाही रोज जळतात. त्यामुळे ते साधे दिवेच आहेत आणि पूर्ण वॅटने मोजायचे आहेत.

प्रकाश पुरेसा आहे, हेही दाखवावे

एलपीडी कमी आली म्हणजे काम झाले असे नव्हे. कमी दिवे लावून मर्यादेत बसणारी इमारत वर्षभरात टेबललॅम्पांनी भरते आणि तो भार कोणत्याच तक्त्यात नसतो. आयएस ३६४६ या भारतीय मानकात सर्वसाधारण कार्यालयासाठी ३००-५००-७५०, वर्गखोल्यांसाठी २००-३००-५०० आणि मार्गिका-जिन्यांसाठी ५०-१००-१५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) असे पट्टे दिले आहेत. प्रत्येक प्रकारच्या एका खोलीचा हिशोब तरी तक्त्यासोबत द्यावा.

रीत जुनीच आहे: हवे असलेले लक्स गुणिले क्षेत्रफळ, भागिले (एका फिटिंगचे ल्यूमेन, म्हणजे तिचा एकूण प्रकाश, गुणिले उपयोग-गुणांक गुणिले देखभाल-गुणांक). उपयोग-गुणांक म्हणजे फिटिंगच्या प्रकाशाचा कामाच्या जागी पोहोचणारा वाटा, आणि देखभाल-गुणांक म्हणजे धूळ व जुनेपणा धरून उरणारा वाटा. समजा, नोंदणी कक्ष ४८ चौरस मीटरचा, हवे ३०० लक्स, बॅटन २,४०० ल्यूमेनची, उपयोग-गुणांक ०.५५. देखभाल-गुणांक ०.८ धरला तर १३.६, म्हणजे १४ बॅटन पुरतात. हा ०.८ महिन्याला फिटिंग पुसल्या जातात अशा कार्यालयाचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मधील धुळीची वादळे, रस्त्याच्या कडेची इमारत आणि जिनिंगचे आवार जवळ असल्यास हंगामभर उडणारे कापसाचे तंतू पाहता मी ०.७ धरतो. मग १५.६, म्हणजे १६ बॅटन लागतात. २२ वॅटने ३५२ वॅट आणि एलपीडी ७.३. मर्यादेत बसतेच. उपयोग-गुणांक निवडताना भिंतीचा रंगही पाहावा. सरकारी इमारतींत कमरेपर्यंत चॉकलेटी किंवा राखाडी ऑइल पेंटचा पट्टा देण्याची प्रथा आहे. कॅटलॉगमधील गुणांक पांढऱ्या भिंती गृहीत धरून दिलेला असला तर तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पट्टा फिक्या रंगाचा घ्यायला सांगणे हा दोन बॅटन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

नियंत्रणे नकाशावर दिसली पाहिजेत

३०० चौरस मीटरहून मोठ्या इमारतीत किंवा जागेत आतल्या ९० टक्के फिटिंग आपोआप बंद होण्याची सोय हवी, ही अनिवार्य तरतूद आहे. छतापर्यंत भिंती असलेल्या प्रत्येक जागेला निदान एक स्वतंत्र नियंत्रण हवे आणि १,००० चौरस मीटरपर्यंतच्या जागेत एका नियंत्रणाखाली २५० चौरस मीटरहून अधिक क्षेत्र नसावे. तक्त्यात म्हणूनच प्रत्येक ओळीपुढे 'नियंत्रण' हा रकाना ठेवावा आणि त्यात स्विच, टायमर, हालचाल ओळखणारा सेन्सर की प्रकाश-सेन्सर हे लिहून विद्युत नकाशातील खुणेचा क्रमांक द्यावा. 'सेन्सर पुरवण्यात येतील' या एका वाक्यावर कोणताही तपासनीस समाधानी होऊ नये. वॉर्डसारख्या जागी, जिथे दिवा आपोआप बंद होणे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, तिथे संहितेतील सवलत वापरता येते का ते पाहून कारणासह लिहावे.

आवारातील आणि बाहेरच्या भिंतीवरील दिव्यांना प्रकाश-सेन्सर किंवा सूर्योदय-सूर्यास्ताचा हिशोब करणारा टाइम स्विच लागतो. साधा घड्याळी टायमर पुरत नाही, याचे कारण विदर्भात सहज दिसते: नागपुरात नोव्हेंबरअखेर साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनअखेर सातच्या सुमारास. दिवाळीत सहावर लावलेला टायमर कोणी बदलत नाही आणि जूनमध्ये फाटकावरचा दिवा तासभर उन्हात जळत राहतो.

वेळापत्रक आणि सॉफ्टवेअरमधील भरणा

विहित पद्धतीने जाणाऱ्याने हा भाग सोडून दिला तरी चालेल. संपूर्ण इमारतीच्या पद्धतीत मात्र दिव्यांचे वॅट आणि ते किती तास जळतात, या दोन्हींच्या गुणाकाराने वार्षिक वापर ठरतो, आणि तासांच्या बाबतीत कल्पनाशक्ती फार चालते. मूळ नियम असा की प्रस्तावित आणि मानक इमारतीचे वेळापत्रक सारखे असावे. आपल्या इमारतीत दिवे कमी तास जळतील असे केवळ सांगून बचत मिळत नाही. फरक दाखवायचा असेल तर तो नकाशावर असलेल्या आणि अनिवार्य तरतुदीच्या पलीकडे जाणाऱ्या नियंत्रणाचा असावा. उदाहरणार्थ, रुग्णालयाच्या मार्गिकांतील २.२ किलोवॅट दिवे चोवीस तास जळले तर वर्षाला १९,२७२ युनिट लागतात. रात्रीचे आठ तास ते निम्म्यावर आणणारी व्यवस्था असेल तर ३,२१२ युनिट वाचतात. हा आकडा मागताना ती व्यवस्था कोणत्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर आहे, हे त्याच पानावर लिहावे.

वेळापत्रक त्या गावचे असावे. पुणे-मुंबईच्या कार्यालयासाठी केलेले 'सकाळी नऊ ते सायंकाळी सहा' येथील शाळेला लागत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते आणि सुट्टीनंतर विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. रुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवा सकाळी गजबजते, आठवडी बाजाराच्या दिवशी तर अधिकच, आणि दुपारनंतर तो भाग रिकामा होतो. हे तपशील दोन्ही इमारतींना सारखेच लागू केले की त्यात पक्षपात राहत नाही.

हवामानासाठी इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची नागपूरची हवामान-फाइल उपलब्ध आहे आणि संहितेच्या वर्गीकरणात नागपूर संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येते. फाइल नागपूरची वापरली तरी आपल्या गावचे अक्षांश-रेखांश आणि भारतीय प्रमाणवेळेतील फरक तपासावा. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, नागपूर ७९.१ वर आणि बुलढाणा ७६.२ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने सूर्य नागपुरात सुमारे चौदा आणि बुलढाण्यात पंचवीस मिनिटे मागे चालतो. दिवसाच्या उजेडाचे गणित करताना ही पंचवीस मिनिटे दिसतात.

एनर्जीप्लससारख्या सिम्युलेशन प्रणालीत वॅट प्रति चौरस मीटर भरल्यावर ती प्रणाली त्या झोनच्या, म्हणजे इमारतीच्या त्या भागाच्या, आतल्या क्षेत्रफळाने गुणते, आणि आपण तक्त्यात क्षेत्र भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत मोजलेले असते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी एकच एलपीडी भरली तर एकूण किलोवॅट जुळत नाहीत. मी थेट वॅट भरतो आणि शेवटी अहवालातील एकूण दिव्यांचा भार तक्त्यातील बेरजेशी ताडून पाहतो. आपल्या उदाहरणात तो २६.५६ किलोवॅटच आला पाहिजे. तो जुळेपर्यंत पुढचे काहीही वाचू नये.

दिव्याच्या उष्णतेची विभागणीही याच ठिकाणी भरावी लागते: किती अंश किरणोत्सर्गाने, किती दृश्य प्रकाशाने, किती परतीच्या हवेत आणि उरलेली थेट खोलीतील हवेत. या प्रणालीच्या मार्गदर्शिकेत फ्लोरोसेंट फिटिंगसाठी दिलेले आकडे छताला लावलेल्या फिटिंगसाठी ०.७२ आणि ०.१८, तर छतात बसवलेल्या फिटिंगसाठी ०.३७ आणि ०.१८ असे आहेत, पहिला किरणोत्सर्गाचा आणि दुसरा दृश्य प्रकाशाचा. एलईडी उत्पादकाकडून स्वतंत्र माहिती मिळाली तर ती वापरावी, आणि दोन्ही इमारतींत फिटिंगचा प्रकार एकच धरावा. आपल्या भागात हा तपशील क्षुल्लक नाही. दिव्याला दिलेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन राहते आणि ३.५ किलोवॅट दिव्यांमागे वातानुकूलन यंत्रावर सुमारे १ टनाचा बोजा पडतो. म्हणून दिव्यांत केलेली बचत मे महिन्यात दुसऱ्यांदा, वातानुकूलनाच्या ओळीत दिसते. ती दिसली नाही तर दिवे वातानुकूलित झोनमध्ये भरलेच गेले नाहीत, असे समजून शोध घ्यावा.

खिडकीचा उजेड आणि खिडकीतला कूलर

दिवसाच्या उजेडाने दिवे मंद होतात असे दाखवायचे असेल, तर कोणत्या फिटिंग खिडकीच्या प्रकाशपट्ट्यात येतात ते नकाशावर रंगवावे. संहितेच्या हाताने करण्याच्या रीतीत खिडकीच्या वरच्या कडेची उंची दिशा, छज्जा आणि काचेनुसार ठरलेल्या गुणांकाने गुणून पट्ट्याची खोली काढतात. त्या पट्ट्यातील फिटिंगचे सर्किट खिडकीला समांतर आणि स्वतंत्र स्विचचे असावे. लंब सर्किट केले की खिडकीजवळचा आणि भिंतीजवळचा दिवा एकत्रच लागतो आणि सगळा हिशोब वाया जातो.

यात येथील एक गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरच्या यादीत सापडणार नाही. होळीनंतर विदर्भातील कार्यालयांत आणि वॉर्डांत खिडक्यांना कूलर लागतात, उरलेल्या खिडक्यांवर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे पडदे येतात, आणि पाऊस पडेपर्यंत ते निघत नाहीत. ज्या महिन्यांत सूर्य सर्वाधिक तळपतो, त्याच महिन्यांत खोली अंधारी असते. म्हणून कूलर कुठे बसणार हे आधी ठरवून त्या खिडक्या उजेडाच्या हिशोबातून वगळाव्यात, किंवा वास्तुविशारदाला कूलरसाठी खिडकीखाली वेगळा झरोका ठेवायला सांगावे. दुसरा उपाय मला अधिक पटतो, कारण त्याने खिडकी वर्षभर खिडकीच राहते.

तक्ता जागेवर उतरवताना

निविदेत '३६ वॅट पॅनेल किंवा समतुल्य' असे लिहिलेले असते आणि 'समतुल्य' या शब्दातून बरेच काही आत येते. एका कामावर ठेकेदाराने नागपूरहून उपलब्ध झाले म्हणून अधिक वॅटची पॅनेल आणली; प्रकाश वाढला म्हणून सर्व खूश होते, फक्त तक्ता खोटा ठरला होता. म्हणून निविदेत फिटिंगचा तारेतून घेतला जाणारा कमाल वॅट, किमान ल्यूमेन आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष वॅटचा वाटा) हे तिन्ही आकड्यांत लिहावेत, आणि बदली फिटिंगला तक्ता सुधारल्याशिवाय मान्यता देऊ नये.

हस्तांतरापूर्वी एका सर्किटची तपासणी पुरेशी बोलकी असते. वीस पॅनेलचे, म्हणजे ८०० वॅटचे सर्किट २३० व्होल्ट आणि ०.९५ पॉवर फॅक्टरवर सुमारे ३.७ अँपिअर घेते. क्लॅम्प मीटरवर ६.३ अँपिअर दिसले तर लगेच वॅट वाढले असे समजू नये. ड्रायव्हर हलका असून पॉवर फॅक्टर ०.५५ च्या आसपास असला तरी तेवढेच दिसतात. वॅट दाखवणारे मीटर लावून खात्री करावी, आणि त्या वेळी सर्किटवरचे पंखे व सॉकेट बंद आहेत ना ते पाहावे. मोजलेला आकडा, तारीख, बोर्डाचा क्रमांक आणि उपस्थितांच्या सह्या तक्त्याच्या त्याच ओळीशेजारी घ्याव्यात. फरक पाच टक्क्यांहून अधिक निघाला, तर मी ओळ खोडून नवा आकडा लिहितो, एलपीडी पुन्हा काढतो आणि सुधारित प्रत त्याच आठवड्यात कार्यालयात जमा करतो.